माहेरचा पत्ता

भाऊबीज जवळ आली की मला एका पोस्टकार्डाची आठवण होते. ते कार्ड मी लिहिलेले नव्हते, मला आलेलेही नव्हते. ते नेऊन पेटीत टाकण्याचे काम तेवढे माझ्यावर सोपविले होते, आणि ते मी नीट केले नाही.

सन १९६० चा सुमार. आमचे बिऱ्हाड त्या वेळी वाईस एका जुन्या वाड्यात होते. मी दहा वर्षांची. वाचण्याची हौस एवढी, की वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकीत नसे. आमच्या वर माडीवर तीन माणसांचे कुटुंब राही. नवरा, त्याची आई आणि बायको. त्या बाईंना आम्ही मुले ‘माडीवरच्या वहिनी’ म्हणत असू. वहिनी हसतमुख होत्या आणि पदर नेहमी दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेत. उन्हाळ्यातही तो पदर ढळत नसे. तो त्या असा का घेतात, हे वाड्यातल्या मोठ्या माणसांना ठाऊक होते. आम्हां मुलांना ती त्यांची मर्यादशील चाल वाटे.

दिवाळीला आठ दिवस असतील. वहिनींनी मला जिन्याखाली गाठले आणि हातात एक कार्ड कोंबले. “एवढं पेटीत टाकून ये गं. कुणाला दाखवू नकोस हं.” मी धावतच निघाले, तो ओट्यावर त्यांच्या सासूबाई वाती वळीत बसलेल्या. “कुणाचं गं कार्ड?” मी गप्प. “वाचता तरी येतं का तुला?” झाले! मी तिथल्या तिथे उभी राहून, शाळेत धडा वाचावा तसे, खणखणीत आवाजात ते कार्ड वाचून दाखविले. कऱ्हाडच्या भावाला लिहिले होते. भाऊबीजेला येशील तेव्हा मला घेऊन जा आणि परत धाडू नकोस, आता सोसवत नाही, एवढाच मजकूर. शेवटच्या शब्दांवर माझा आवाज आपोआप बारीक झाला, पण तोवर वाक्य पुरे झाले होते. सासूबाईंनी हात पुढे केला. मी कार्ड दिले.

त्या रात्री माडीवर जे झाले ते साऱ्या वाड्याने ऐकले. माझे वडील अंथरुणावरून उठले, दाराशी गेले, कडीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले, आणि “नवराबायकोच्या भांडणात आपण कोण पडणार?” असे म्हणून परत येऊन निजले. माझे वडील दुष्ट नव्हते, भित्रेही नव्हते. त्या काळी सज्जन माणसे याहून वेगळे वागत नसत, एवढेच. भाऊबीजेला माडीवर कोणी आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते बिऱ्हाड हलले आणि वहिनी मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले. तीस-बत्तीस वर्षे मुलींना लढाया आणि तह शिकविले. पण निवृत्त झाल्यावर जुनी पुस्तके आणि कायद्याचे ग्रंथ चाळू लागले ते या एका कार्डापायी. ते कार्ड पेटीत पडते तर ते भावाकडे गेले असते. भाऊ आला असता किंवा नसता. पण भावावाचून दुसऱ्या कोणाला लिहावे म्हटले असते, तर वहिनींनी कार्डावर पत्ता कोणाचा घातला असता? सणासुदीच्या अंकात असला विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. लेकीबाळी माहेरी येण्याचे हे दिवस आहेत. त्यांच्याच पत्त्याची ही कथा आहे.

आपल्या बायकांनी आपला सासुरवास फार जुन्या काळापासून सांगितला आहे, पण तो जात्याला सांगितला. पहाटे दळताना घरातले पुरुष झोपलेले असत, आणि जात्याच्या घरघरीत शब्द बुडून जात. त्या ओव्यांमधून आजच्या अभ्यासकांना पुष्कळ कळते. मात्र जाते उठून कोणाच्या मदतीला गेल्याचे ऐकिवात नाही. पोस्टकार्ड हिंदुस्थानात आले ते १८७९ साली, पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला एक. पैशात मजकूर मुलुखाच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊ लागला खरा, पण तो उघडा जाऊ लागला. पोस्टमनने वाचावा, शेजाऱ्याने वाचावा, आणि माझ्यासारख्या आगाऊ मुलीने ओट्यावर वाचावा. शिवाय लिहिता येणारी बाई शंभरांत एखादीही मिळणे कठीण. दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे तर मजकूर ‘सर्व क्षेम’ एवढ्यावरच थांबे.

त्याच सुमारास महाराष्ट्रात स्त्रियांसाठी घरे निघू लागली होती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावर त्याची झोपडी उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी झालेल्या कामापुढे मान लवते. पण बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ही दारे उघडली ती प्रामुख्याने विधवांसाठी. विधवेला घर नाही, हे सुधारकांना दिसत होते. सवाष्णीला घर असतेच, अशी मात्र सर्वांची समजूत होती. कपाळाला कुंकू आहे आणि पाठीवर वळ आहेत, अशा बाईने कोठे जावे, याचा विचार त्या पिढीत फार थोड्यांच्या मनात आला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांच्या मनात तो आला होता. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून चिडून त्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, पण लिहिता लिहिता त्या सवाष्णींच्या संसारापर्यंत पोहोचल्या आणि नवऱ्यांचे माप त्यांनी नवऱ्यांच्याच पदरात घातले. तेवढेच एक पुस्तक लिहून त्या गप्प झाल्या. त्यांना गप्प करण्यात आले, असेही म्हणता येईल.

या काळात एका विवाहित मुलीने मात्र असा पत्ता शोधून काढला, की तो आधी कोणाला सुचला नव्हता. रखमाबाई मुंबईची. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण ती राहिली आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. तिथे ती शिकली, वाचू लागली, आणि नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे तिने साफ नाकारले. तिला मारहाण झाली होती असे नव्हे. ती कधी तिकडे गेलीच नाही. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद लावली, की माझी बायको माझ्या ताब्यात द्यावी.

या मुलीने १८८५ च्या जून महिन्यात काय केले? ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. खाली नाव घातले नाही. ‘एक हिंदू स्त्री’ एवढेच. सप्टेंबरात दुसरे पत्र छापून आले. बालविवाहाने मुलीच्या आयुष्याचे काय होते, हे त्या मुलीनेच सांगितलेले लोकांनी प्रथम वाचले, आणि ही बाई कोण याची चर्चा घरोघर सुरू झाली. ज्यांना आपण ओळखत नाही, ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही, अशा हजारो माणसांना नाव झाकून आपले दुःख लिहून कळवायचे, हा मार्ग तिने काढला. आज फोनवर परक्या माणसाला नाव न सांगता विचारणाऱ्या मुलींना कोणी ‘घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणता’ म्हणून बोल लावू लागले, की मला ही १८८५ ची पत्रे आठवतात.

पुढची हकीकत पुष्कळांना माहीत असेल. त्याच सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करला. ‘केसरी’ तिच्याविरुद्ध होता. त्या वेळचे पुष्कळ सुशिक्षितही होते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई विलायतेस गेली, डॉक्टर होऊन आली, सुरतेस आणि राजकोटास तिने आयुष्यभर बायकांची सेवा केली, आणि १९५५ साली, नव्वद वर्षांची होऊन वारली. म्हणजे आमच्या वहिनींनी ते कार्ड लिहिले त्याच्या पाचच वर्षे आधी. या दोघींच्या मध्ये पाऊणशे वर्षे गेली होती, आणि तरी वहिनींना भावाशिवाय कोणी सुचले नाही.

आता कायद्याने काय केले ते पाहू. १८९८ च्या फौजदारी संहितेत ४८८ वे कलम होते. नवऱ्याने टाकलेल्या बायकोला मॅजिस्ट्रेटकडून महिना जास्तीत जास्त पन्नास रुपये पोटगी मिळे. १९२३ साली ते शंभर झाले, १९५५ साली पाचशे. नवी संहिता १९७३ साली आली; कलमाचा आकडा १२५ झाला, पण रुपयांचा आकडा तोच राहिला! केंद्राच्या कायद्यातली ही पाचशेची मर्यादा २००१ साली उठली. सेहेचाळीस वर्षांत तांदूळ, तेल, घरभाडे यांचे काय झाले ते वाचकांना मी सांगावयास नको. बाईचे पोट मात्र तेवढ्यातच भागते असे सरकारदरबारी धरले गेले होते. १९४६ साली हिंदू विवाहितेला छळाच्या कारणावरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आणला, पण छळ हे कारण त्यात फक्त न्यायालयीन विभक्तीसाठी होते. छळासाठी घटस्फोट मागता येऊ लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे आमच्या वहिनी १९६० साली कोर्टात गेल्या असत्या, तर कायद्याने त्यांना नवऱ्यापासून वेगळे राहू दिले असते, सुटू दिले नसते. अर्थात कोर्ट कोठे आहे हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

यानंतरचा प्रसंग पुण्याचा आहे, आणि त्यातही पत्रे आहेत. १९८२ च्या जून महिन्यात, लग्नाला पुरते चार महिने झालेली एक मुलगी सासरी मृत्यू पावली. मृत्यूपूर्वी तिने आपल्या बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. त्यांत तिचे एकाकीपण होते, भीती होती. खटला उभा राहिला तेव्हा ही पत्रे न्यायालयापुढे पुरावा म्हणून आली. खालच्या न्यायालयाने आणि हायकोर्टाने पतीला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याला निर्दोष सोडले. तो आत्महत्येचा प्रकार असण्याची शक्यता न्यायालयाला नाकारता आली नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. परिस्थितिजन्य पुरावा कसा जोखावा याचे ‘पंचशील’ त्या निकालात सांगितले आहे, आणि आजही वकील ते पदोपदी उद्धृत करतात. निकाल कायद्याला धरून आहे, त्याविषयी मी बोलणारी कोण? मला त्या पत्रांविषयी वाटते. ती वेळेवर पोहोचली होती. वाचली गेली होती. वाचणाऱ्या दोघीही तिच्याएवढ्याच पोरी; त्यांनी ती घेऊन पुढे कोणाकडे जावे?

पुण्यात त्या वर्षी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि नारी समता मंच स्थापन झाला. त्यात विद्या बाळ होत्या. ‘स्त्री’ मासिकात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते, पुढे १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. मंचाने एक केंद्र काढले आणि त्याला नाव दिले ‘बोलते व्हा’. नावातच सारे आले. वकील, पोलीस, कोर्ट हे नंतर. आधी बाईने बसावे, पाणी प्यावे आणि बोलावे. ऐकणारीने मध्ये उपदेश करू नये. ऐकून घेणे हे काम आहे आणि ते शिकावे लागते, हे आपल्याकडे तोवर कोणाला फारसे पटलेले नव्हते. आमच्या आयाबहिणी ऐकत, पण ऐकून झाल्यावर “सोस बाई, होईल सगळं नीट” एवढेच त्यांच्याजवळ देण्यासारखे असे.

मुंबईतही त्याच सुमारास हालचाल चालू होती. फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस या बाईंनी आपल्या संसारातल्या मारहाणीची कहाणी १९८४ साली स्वतःच्या नावाने लिहून प्रसिद्ध केली, आणि पुढे वकील होऊन ‘मजलिस’ ही संस्था काढली. तिच्यातल्या वकील स्त्रिया बायकांचे खटले लढवितात. त्याच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या मुख्य कचेरीत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्याच इमारतीत, पण समोर खाकी कपडे नाहीत. समाजकार्य शिकलेली बाई बसलेली. पुढे असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत झाले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. मला हे फार शहाणपणाचे वाटते. बाई पोलिसांकडे निघाली तर सारी आळी विचारते. दवाखान्यात निघाली तर कोणी विचारीत नाही. “जिन्यावरून पडले” असे सांगणाऱ्या बाईच्या हातावरचे बोटांचे ठसे डॉक्टरला आणि परिचारिकेला दिसतातच. ते पाहून तिला शेजारच्या खोलीत बसविणारे कोणी हवे होते, ते तिथे मिळाले.

या साऱ्या गडबडीतून १९८३ साली ४९८-अ हे कलम आले आणि बायकोचा छळ हा गुन्हा ठरला. ते कलम जुन्या दंडसंहितेबरोबर गेले असले, तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत तो गुन्हा तसाच आहे. पण नवऱ्याला तुरुंगात घालणे ही पुष्कळ बायकांची मागणी नसते. त्यांना मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर हवे असते, मुले जवळ हवी असतात. ही गोष्ट ओळखली ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला.

या कायद्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घराघरांत तो अजून माहीत नाही. मारणे हीच हिंसा नव्हे. टाकून बोलणे, पैसा अडवून धरणे, स्त्रीधन काढून घेणे, शरीरावर जबरदस्ती करणे, हे सारे त्यात येते. बायकोच नव्हे, तर आई, बहीण, विधवा सून यांनाही तो लागू आहे. घर सासऱ्याच्या नावावर असो वा नवऱ्याच्या, ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा तिचा हक्क आहे. कायद्याच्या मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. अर्ज ती तात्पुरती जिथे राहत असेल त्या गावच्या मॅजिस्ट्रेटकडेही करू शकते, म्हणजे माहेरच्या गावी. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत पडावी, आणि प्रकरण साठ दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात लिहिले आहे. (कोर्टाची पायरी चढलेले वाचक येथे हसतील. मीही हसले होते.) न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण मी ज्या दोन गोष्टींपाशी पुस्तक मिटून बसले, त्या वेगळ्याच. एक म्हणजे, असा प्रकार घडत आहे असे ज्या कोणाला वाटते त्याने संरक्षण अधिकाऱ्यास कळवावे. प्रामाणिकपणे कळविले असेल तर त्याच्यावर कसलाही बोजा येत नाही. कोणीही! म्हणजे शेजारीसुद्धा. दाराच्या कडीला हात लावून उभे असलेले माझे वडीलसुद्धा. दुसरी गोष्ट कायद्याखालच्या नियमांत आहे. दूरध्वनीने किंवा ई-मेलने अशी विश्वसनीय खबर मिळाली आणि प्रसंग तातडीचा असला, तर अधिकाऱ्याने ताबडतोब पोलिसांची मदत घेतली पाहिजे. २००६ सालच्या सरकारी नियमांत ई-मेल हा शब्द आहे. कार्डाने जे काम करायचे होते ते आता विजेच्या तारेवरून करता येईल, हे सरकारने तेव्हाच मान्य केले होते.

त्याची कसोटी लागली ती २०२० साली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, आणि मारणारा व मार खाणारी दोघेही एका घरात कुलूपबंद झाली. दवाखान्याचे निमित्त नाही, भाजीचे नाही, देवळाचे नाही. १० एप्रिल रोजी राष्ट्रीय महिला आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपचा एक क्रमांक जाहीर केला, कारण बोलण्याची सोय नसली तरी मुकाट्याने बोटाने लिहिता येत होते. रखमाबाईने दिवाणखान्यात बसून लिहिले असेल. या बायकांनी न्हाणीघरात, नळ सोडून लिहिले.

आज पत्ते पुष्कळ झाले आहेत. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तातडीला ११२ आहे. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असते. बाईची मिळकत कितीही असो, तिला तिथे वकील फुकट मिळतो, आणि त्यांचा दूरध्वनी १५१०० आहे. २०१५ पासून ‘सखी’ नावाची केंद्रे निघाली आहेत. पोलीस, वकील, डॉक्टर आणि समुपदेशक यांची गाठ एकाच जागी पडावी ही त्यांमागची कल्पना. मन थकले असेल तर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ आहे, क्रमांक १४४१६. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पोलिसांकडे तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत जाऊन सही मात्र करावी लागते. हे क्रमांक या अंकाच्या पानावर खुणेसाठी राहू द्यावेत. दिवाळी अंक घरात सर्वांच्या हाती फिरतो, तेव्हा कोण वाचते आहे याचा संशय कोणाला येणार नाही.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले, की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी शेकडा १४ जणींनीच कोणाची मदत मागितली. शेकडा ७७ जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलेही नाही. पत्ता ठाऊक नसणे हे त्याचे एक कारण असेल, पण ओट्यावर कोणीतरी वाती वळीत बसलेले असते, हेही एक आहे. पूर्वी कार्ड वाचले जाई, आता फोन वाचला जातो. काय शोधले याची नोंद फोनमध्ये राहते. फोन कोठे आहे हे दुसऱ्या फोनवर दिसू शकते. बँकेतून पैसे काढले की निरोप नवऱ्याच्या क्रमांकावर जातो, कारण खाते उघडताना क्रमांक त्याचा दिलेला असतो. यासाठी जाणती माणसे सांगतात, की पहिली विचारणा आपल्या फोनवरून करू नये. मैत्रिणीच्या, दवाखान्यातल्या, नाहीतर शेजारच्या म्हातारीच्या फोनवरून करावी. धमकीचे निरोप, जखमांची छायाचित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण ती आपल्याच फोनवर न ठेवता विश्वासाच्या माणसाकडे धाडून ठेवावी, आणि मूळ फोन मोडीत घालू नये. कोर्टात असा पुरावा देताना त्यासोबत ठराविक प्रमाणपत्र जोडावे लागते. १९८२ च्या त्या मुलीची पत्रे बहिणीने जपून ठेवली होती म्हणून न्यायाधीशांनी वाचली, हे विसरून चालणार नाही.

शेजारची म्हातारी म्हणाले ते उगीच नव्हे. गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. आमच्या इमारतीतली एक मुलगी दुपारी दाराशी आली. नोकरी करणारी, शिकलेली, माझ्याशी आजवर जिन्यात हसण्यापलीकडे बोललेली नव्हती. “आजी, तुमचा फोन थोडा वेळ मिळेल का? माझा... घरी बघतात.” ओढणी तिने दोन्ही खांद्यांवरून घेतली होती. मी फोन दिला, आतली खोली दाखविली, दार ओढून घेतले आणि स्वयंपाकघरात येऊन चकल्या तळू लागले. सोऱ्याचा आवाज होत नाही, म्हणून मुद्दाम रेडिओ लावला. तिचे शब्द मला ऐकू येऊ नयेत असे वाटत होते; आयुष्यात एकदा मी दुसऱ्याचा मजकूर वाचला होता, तेवढे पुरे झाले.

पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे पुसलेले होते, पण आवाज सरळ होता. तिने माझ्या फोनमधून आपल्या बोलण्याची नोंद पुसून टाकली आणि ती कशी पुसावी हे मलाही शिकविले. “पुन्हा येऊ का?” असे विचारले. मी म्हटले, “रोज ये. चकल्या खायला येते म्हणून सांग.” ती महिनाभर येत होती. एके दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. अर्ज तिने माहेरच्या गावी केला आहे. पहिली तारीख तीन दिवसांत पडली नाही, सव्वा महिन्याने पडली. अंतरिम पोटगीचा आदेश झाला आहे, बाकीचे चालू आहे. परवा तिने निरोप धाडला, की भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तारीख आहे, कागदपत्रे तयार आहेत, आणि आजी, तुमच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण कळवा. मी ते कार्डावर लिहून पाठविले आहे. पेटीत स्वतः जाऊन टाकले.